सुजलेला गुडघा आणि खणखणीत आवाज

साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ते एकदाच आले. फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक गुडघा सुजलेला. बूट काढले तेही टाचा जुळवून ठेवले. मी नेहमीप्रमाणे आधी चांगला गुडघा पाहिला, मग सुजलेला. सांध्याच्या फटीवर अंगठा दाबून विचारलं, "इथं दुखतं?"

"न्हाई, साहेब."

गुडघा वाकवून पाय हलकेच पिळला. "आता?"

"काय न्हाई."

आवाज खणखणीत होता, पण हातानं खाटेची कड घट्ट धरली होती आणि दुसऱ्या पायाची बोटं आखडली होती. मी जरा चिडलोच. "मग शिराळ्याहून एवढ्या लांब कशाला आलात?"

ते ओशाळून हसले. "भरतीपासनं सवय हाय. मेडिकलला दुखतंय म्हणलं की माणूस घरी. पुढं दर वर्षाला तेच. आता तोंडातनं दुसरं येतच न्हाई."

आम्हाला तपासणी शिकवतात तेव्हा दुखणारा माणूस खरं सांगेल, हे धरूनच चालतात.

"इथं कोणी नापास करत नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. खाटेची कड सोडली, हात मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "परत दाबा, साहेब."