बांबूची काडी

जुलैत आमची कंपनी ईशान्येच्या जंगलात होती. मी तेव्हा हवालदार, नर्सिंग असिस्टंट. जखमा बांधायच्या आणि एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रजिस्टरात नोंदवायच्या, हे माझं काम. मी भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचा, लान्स नायक विलास जवळच्याच कोंढा गावचा. दोघांची सुट्टी एकाच दिवशी मंजूर झाली होती.

निघायच्या आदल्या सकाळी, नऊ चाळीसला, विलास गस्तीवरून डोळा झाकत आला. बांबूची काडी वरच्या पापणीत घुसली होती. नियम साधा आहे. रुतलेलं उपसायचं नाही, डोळा न दाबता वर कप बांधायचा, पेशंट मागे पाठवायचा. मी चिमट्याने काडी ओढली. टोक तुटकं दिसलं, तरी पूर्ण निघाली असं मानलं.

"भाऊ, रजिस्टरात नोको लिवू. सुट्टी कॅन्सल होईन. घरी धानाचा रोवना सुरू हाये."

मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं गावाकडे निघालो.

पाचव्या दिवशी तो धानाच्या बांधीतल्या चिखलाच्या पायांनीच माझ्या घरी आला. पापणी सुजलेली, डोळा पुढे आलेला.

"मले एकाचे दोन दिसून राह्यले."

भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कशानं लागलं?"

"बैलानं शिंग मारलं," विलास म्हणाला. जखम लपवली म्हणून दोघांवर चार्ज लागला असता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. भित्रा होतो मी.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. औषधं मिळाली. ताप आला तर लगेच या, असं त्यांनी बजावलं. माझ्या जिवाला चैन नव्हतं. दोन दिवस अंगणात येरझारा घातल्या. फोन उचलायचो, ठेवायचो. तिसऱ्या दिवशी विलास तापाने बरळू लागला, तेव्हा मी मॅडमना खरं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लाकूड एक्स-रेत दिसत नाही, हवालदारसाहेब. सीटीतसुद्धा कधीकधी ते हवेसारखं काळं दिसतं. काय शोधायचं ते आम्हाला सांगावं लागतं."

नागपूरला सीटी झाला, ऑपरेशन झालं. डोळ्याच्या खोबणीतून बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला. पू मेंदूपर्यंत पोचला होता. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी दोन दहाला विलास गेला.

पुण्यानुमोदनाला कोंढ्यात गेलो. त्रिशरण-पंचशील झालं. त्याची बायको सुनंदा समोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमाले मालूम होतं काय?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"माझी रँक जाईल म्हणून."

ती आत गेली आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं.

लान्स नायक विलास, वय एकतीस. तो माझ्यामुळे गेला. त्याचं नाव घेतो तिथे मी हेही सांगतो.