उन्हात ठेवलेली तीज

गव्हाचे कोंब पिवळे पडलेले दिसले आणि मी टोपली उचलून उन्हात ठेवली. शेतकऱ्याचा मुलगा, त्यात शाळामास्तर. न विचारता शहाणपणा करायला आणखी काय लागतं?

रजा काढून मी आळंदपासून लांब, डोंगरातल्या लमाणांच्या तांड्यावर राहायला गेलो होतो. 'माणसांत राहिल्याशिवाय माणसं कळत नाहीत,' असं घरी तोऱ्यात सांगून. तांड्याला तो तोरा पटला नव्हता. निजामाचं राज्य. आधी असाच एक टोपीवाला पाहुणा म्हणून राहून गेला आणि त्याच्या मागोमाग आबकारीच्या शिपायांनी येऊन मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. त्यामुळे मी पाणी प्यालो तरी कुणीतरी टक लावून बघायचं. मी तरी कुठला साधा? पिशवी उशाला घेऊन झोपत होतो. तांड्याच्या नायकानं तीजेपर्यंत राहू दिलं होतं, तेही अर्ध्या मनानं.

तीज हा लग्न न झालेल्या पोरींचा सण. टोपलीत गहू पेरून सावलीत ठेवायचा, गाणी म्हणत पाणी घालायचं. कोंब उंच आणि पिवळे आले की घर चांगलं मिळणार. हे मला नंतर कळलं. तोवर कोंबांनी माना टाकल्या होत्या.

टोपली जिची, तिची सोयरीक ह्याच सणात ठरायची होती. तिच्या आईनं कपाळ बडवलं. "करणी केली ह्यानं! कामून हात लावला?"

"पिवळं पडलं होतं, म्हणून..."

"पिवळंच लागतंय ते!" पोरगी रडत ओरडली.

नायकानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, खरं सांगा. आबकारीचे का जंगलखात्याचे?"

"शाळेचा."

"शाळेचा मानूस शाळा सोडून हितं काय करायलाय?"

मी डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"पानी शिंपडा, पोरींनो," तो म्हणाला. "तीज उठली, कोंब उभे ऱ्हायले, तर ऱ्हावा मास्तर. न्हाई तर दिस मावळायच्या आत आळंदची वाट धरा."

मग तांडा माझ्याकडं बघत बसला आणि मी टोपलीकडं. मी जरा पुढं सरकलो की चार जण उठायचे. ऊन कललं तशी एक म्हातारी टोपलीवर वाकली. "अर्धी उठली की गं."

"मग मास्तर बी अर्धाच ऱ्हाईल," नायक म्हणाला. "तांड्याच्या भाईर."

अशी ती तीज मी शिवेवरच्या लिंबाखालून पाहिली. शेजारी राखणीला काठी घेतलेला एक म्हातारा. शेवटच्या दिवशी पोरी थोरांच्या पागोट्यांत कोंब खोवत फिरल्या. ती पोरगीही आली. म्हाताऱ्याच्या पागोट्यात खोवले, माझ्या टोपीकडं बघितलं.

"तुमाला न्हाई. पर सोयरीक जमली. करणी नव्हती, निस्ता येडेपणा हुता, असं आई म्हनायलीय."

म्हातारा मात्र मला पार पायवाटेला लावून, मी दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "शहाणी माणसं. राखणीला एक म्हातारा तरी बसवला. मी एकटीनं किती लक्ष ठेवायचं?"