आपोआप वाजणारी एकतारी

आधी तोंडातला चहा गिळून घ्या बरं! माझी ही फजिती ऐकताना ठसका लागला, तर मला बोल लावू नका.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढं आमच्या गावची भजनी मंडळी बसायची. मलाही त्यांच्यात बसायचं होतं. अगदी झुरत होतो म्हणा ना! पण मंडळीच्या बुवांनी मला दारातच अडवलं.

"नुसते गळ्यावाले लई झाले. वाद्य घेऊन ये, मंग बस."

वाद्य कुठून आणणार? म्हटलं, घरीच एकतारी करू. त्यात काय मोठं? एक भोपळा, एक दांडी, एक तार!

जन्मात कधी करवत हातात धरली नव्हती. पहिला वाळका भोपळा फुटला, दुसरा वाकडा कापला गेला, तिसरा कसाबसा साधला. तार जालन्याच्या बाजारातून आणली. दांडीसाठी गोठ्याच्या छपराचा जुना वासा काढला. त्याला एका अंगाला छान गोल भोक होतं. मी खूश! खुंटी बसवायला देवानंच पाडून दिलंय! खुंटी काही त्यात बसली नाही. मग दुसरं भोक पाडलं आणि हे तसंच राहू दिलं.

दुपारी एकतारी भिंतीला टेकवून ठेवली, तर ती वाजू लागली! कुणी हात न लावता! घूंऽऽ... असा भरीव, गोड सूर.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या ह्या राकट हातांनी केलेल्या वस्तूत हे कुठून आलं? डोळे भरून आले हो!

बायको धावत आली. "अवं, तार तर हलून बी न्हाई राह्यली!"

"गप! हात जोड."

"जोडलेच हायेत!"

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव ओट्यावर. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी एकतारीपुढंच नारळ फोडला. मी कोरं धोतर नेसून शेजारी बसलो. तार छेडायची बिलकुल हिंमत होईना. देव स्वतः वाजवतोय, तिथं आपण बोट कशाला घालायचं?

बुवा आले. वहाणा लांबच काढल्या, भोपळ्याला कान लावला आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"सारी उमर भजनात गेली, असा सूर न्हाई ऐकला. चतुर्थीला तू माझ्या शेजारी बसायचं!"

बसलो की! एकतारी घेऊन बैलगाडीतून राजूरला गेलो. एकतारी पाटावर, सारं देऊळ चिडीचूप. घूंऽऽ सुरू झालं. लोक डोळे मिटून डोलू लागले. मला राहवलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि त्या सुरात आपला आवाज मिसळला.

घूं बंद!

वाशाच्या त्या गोल भोकातून बोराएवढा काळाकुट्ट भुंगा बाहेर आला. माझ्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि सरळ दाराबाहेर निघून गेला. लाकूड पोखरून आत राहत होता, त्याचीच गुणगुण भोपळ्यात घुमत होती!

लोक पोट धरून हसले. बुवा मात्र गंभीर. मी कानकोंडा होऊन विचारलं, "बुवा, एकतारी बिघडली का? पुढच्या चतुर्थीला मी बसू ना?"

"एकतारी बराबर हाय रे. तिला ठेवून जा, तू जा. अरं, पुढ्यात नारळ फोडले, बैलगाडीत आदळआपट झाली, तरी त्यो जागचा हलला न्हाई. तू गायला लागलास, अन् बिचारा राहतं घर सोडून गेला!"