बांच्या तोंडचं नाव

आमच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप झमकूबांना यायचा. बा म्हणजे माझ्या सासूबाई. अमरेलीकडच्या त्या टापूत मरसिये, म्हणजे मेलेल्याची शोकगीतं, गाणारी अशी बाई दुसरी नव्हती. बायका गोल उभ्या राहून छाती बडवायच्या आणि मधे बा मेलेल्याचं नाव गुंफून एकेक ओळ उचलायच्या. दगडाला पाझर फुटावा असा आवाज. घरी येऊन अंघोळ झाली, की मात्र चहा मागत म्हणायच्या, "मंजू, त्या कंजूष जीवराजला आज मी दानशूर कर्ण करून सोडला गं!"

चार वर्षांपूर्वी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता त्यांच्या हातातली शेंग गळून पडली. उचलायला गेल्या तर उजवा हात हलेना, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. माझी मोठी नणंद लाभूबेन म्हणाली, "मेलेल्यांची हवा लागली. जन्मभर त्यांचीच नावं घेतली ना!" झालं. दोन दिवस उतारे, नवस आणि तेलाची मालिश. तिसऱ्या दिवशी राजकोटला नेलं, तेव्हा डॉक्टर आमच्यावर चिडलेच. "लकवा दिसतो हातापायाला, पण घाव मेंदूत असतो. डाव्या बाजूला गुठळी झाली, म्हणून उजवं अंग गेलं. बोलणंही तिथलंच. पहिल्या तीन-चार तासांत आणायचं होतं."

सहा महिने बा मुक्याच होत्या. मग एका सकाळी गायल्या. हवं होतं पाणी, आणि तोंडातून निघालं, "हाय रे, भरल्या घराचा खांब मोडला, हाय रे जीवराजभाई!" माझ्या हातातली परातच पडली. डॉक्टर म्हणाले, "गाण्याची वाट मेंदूत निराळी असते, ती शाबूत आहे. जन्मभर जे गायल्या तेच बाहेर येणार. शब्दांकडे बघू नका, त्यांना काय हवंय ते बघा."

मी शिकले. संथ सूर लावला की पाणी, घाईचा लावला की परसाकडे न्यायचं. "वाटीभर ताकासाठी बांनी आज दोघांना पुन्हा मारलं," असं हे म्हणायचे आणि बासुद्धा अर्ध्या तोंडानं हसायच्या. नावं मात्र मेलेल्यांचीच यायची. जिवंत माणसाचं एकही नाही. माझी मुलगी पारुल त्यांच्याच कुशीत वाढलेली. तिला समोर बसवून त्या रोज धडपडायच्या, 'प'साठी ओठ मिटायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि नाव काही यायचं नाही. मग नुसता डावा हात तिच्या गालावरून फिरवायच्या.

पारुलचं लग्न ठरलं आणि लाभूबेननं मला गाठलं. "मांडवात मरसिया झाला तर वऱ्हाड उठून जाईल. तुझ्या पोरीच्या कपाळी जन्माचा अपशकुन. विचार कर, वहिनी." मी विचार केला आणि लग्नाच्या सकाळी बांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. आत त्या संथ सुरात गात होत्या. पाणी हवं होतं त्यांना. ढोल जोरात वाजवायला मीच सांगितलं.

निघायच्या वेळी पारुल अडून बसली. "बांच्या पाया पडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही!" कडी काढावीच लागली. लाल-पांढऱ्या पानेतर साडीतली नात बघून बांचा अर्धा चेहरा उजळला. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवून त्यांनी ओठ मिटले, आणि सूर लागला. "हाय रे, अंगणातली चिमणी उडाली, हाय रे पारुलबेन!"

नाव आलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा, अगदी स्पष्ट. पारुल "बा!" म्हणून त्यांच्या गळ्यात पडली. पण दारात नवऱ्या मुलाच्या काकी उभ्या होत्या. "जित्या पोरीचा मरसिया!" त्या किंचाळल्या, आणि मी पुढे होऊन बांच्या तोंडावर हात दाबला. माझ्या तळव्याखाली त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग थांबले.

लोक समजूत घालतात, तुला कुठे ठाऊक होतं त्यांना काय म्हणायचं होतं? मला ठाऊक होतं. साऱ्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून बा गात नाहीत. पाणी हवं असलं तर भिंतीवर बोटं वाजवतात. पारुल सासरी सुखात आहे, पोटुशी आहे. परवा तिचा फोन आला. "आई, बांच्या कानाला लाव ना." मी लावला. पलीकडून ती रडत म्हणत होती, "बा, एकदा घ्या ना माझं नाव. कसंही घ्या. मरसियात घ्या." बांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत राग नव्हता. परवानगी मागत होत्या.

"घ्या बा," मी म्हटलं. "मी काही करणार नाही. घ्या."

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे एकदा नीट बघितलं, आणि ओठ मिटून घेतले.