शुक्रवारी राहून गेलेला इको

"आज जर का त्यो डबा केकाटला, तर त्येला थेट नाईलमदी टाकीन," शेख किलादा म्हणाला. "मागल्या शुक्रवारी उपासनेत पोरं नाचाया लागली हुती."

"पोरं कशावरबी नाचत्यात, मामा," वहबा म्हणाला. "तुमी नाचाया उठला न्हाई ना? मग झालं तर."

"म्या थट्टा करीत न्हाई. आज शेवटचं. पुन्ना कालवा झाला की डबा भाईर. गिटार वाजीव तशीच, बिनडब्याची."

शेख किलादा म्हणजे चर्चचा वडील, कारभार पाहणारा. इजिप्तमधल्या मिन्याकडच्या गावांत चर्चच्या वडिलांना शेखच म्हणतात. अंगावर कडक इस्त्रीची पायघोळ गलाबिया आणि आवाज असा, की शेतातनं हाक मारली तर पलीकडच्या काठावरचं गाढव कान टवकारील. वहबा त्याचा न्हावी. आठवडाभर लोकांच्या दाढ्या करायच्या, गुरुवारी रात्री लग्नात बँडबरोबर गिटार वाजवायची आणि शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये; तिथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारीच. शेखचा गळा रोज वस्तऱ्याखाली यायचा, त्यामुळे वहबाला त्याचं भय असं काही नव्हतं.

पण डबा जाण्याचं भय होतं. बिनडब्याची गिटार पहिल्या बाकापलीकडं पोचत नाही. आणि लग्नात वाजवून उपयोग काय? तिथं ढोल, ऑर्गन, त्यावर गाणाऱ्याचा घसा. गिटार बंद पडली तरी नवरदेवाच्या बापाला कळायचं नाही. गिटार कुणी ऐकत असेल, तर ते चर्चमध्ये.

डबा म्हणजे त्याचा अॅम्प्लिफायर. एकच होता, पण दोन नवऱ्यांची बायको असल्यासारखं त्याला नांदवावं लागायचं. लग्नात खुर्चीवर चढवायचा, तोंड गल्लीकडं. तिखट सुराची धार पुरी, आवाज पुरा आणि इको तर असा, की एक तार छेडली की चार वेळा परत यावी. चर्चमध्ये तोच डबा जमिनीवर, तोंड भिंतीकडं, वर घोंगडी. आवाज थोडा, धार कमी, खर्ज जरासा, इको अजिबात नाही. भिंतीवर आपटून सूर मऊ होऊन यायचा. वहबाच्या बायकोनं, मार्सेलनं, बटणांवर खुणा करून दिल्या होत्या: लग्नाची लाल, चर्चची पांढरी.

आज वहबा लग्नातनं पहाटे आला, फुल म्हणतात त्या बाकल्याच्या उसळीचे दोन घास गिळले आणि तसाच डबा घेऊन चर्चमध्ये आला. भिंतीकडं तोंड केलं. घोंगडी घातली. आवाज पांढऱ्या खुणेवर आणला, धारही आणली. तेवढ्यात शेख ती नाईलची धमकी घेऊन गुरगुरायला आला. त्याच्याशी बोलता बोलता इको राहून गेला.

पाळकांनी मान हलवली. वहबानं पहिल्या गीताची सुरावट छेडली. सूर भिंतीला जाऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. ती सुरावट ऐकताना कुणालाही वाटावं, की दारात नवरी येऊन उभी राहिली.

बायकांच्या बाजूला उम्म गत्तास पेंगत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, कालच्याच लग्नात बसून आलेली. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं जीभ हलवली आणि लग्नात घालतात तशी लांबलचक ललकारी घातली. एकीनं घातली की दुसरीनं गप्प बसायचं, हे तिथल्या बायकांना जमत नाही. बघता बघता सगळी बाजू ललकारू लागली. मागून टाळ्याही आल्या. पाळक प्रार्थनेला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभे राहिले.

वहबानं बटण फिरवलं, पण झालं ते झालं.

उपासना सुटली तसा शेख डब्याशी आला. "उचल," म्हणाला.

वहबानं वायर गुंडाळायला घेतली. 

"कुटं न्यायलास रं?" मागनं उम्म गत्तास आली. शेखची ती थोरली बहीण. त्याला तिनं कडेवर वाढवलेला.

"आक्का, तू ह्यात पडू नगंस."

"ललकारी म्या घातली. डब्यानं न्हाई. मला टाक नाईलमदी."

"आक्का."

"त्येला बटणं तरी हायती, कमी करता येत्यात. तुला एक बी न्हाई. ल्हान असल्यापासनं वरडतुयास."

दारात थांबलेल्या बायका खुसफुसल्या. पाळक बाहीत तोंड घालून खोकले. शेखनं मिशीवरनं हात फिरवला.

"डबा ऱ्हाईल," शेवटी म्हणाला. "पर उपासनेत माझ्या बाकापाशी. बटणांना हात फकस्त माझा. दाव मला, कंचं बटण कशाचं."

वहबानं दाखवलं. शेख खाली वाकून एकेक बटण फिरवून बघू लागला. बायका पांगल्या, पाळक आत गेले. मग शेखनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"वहबा, ह्यो इको... माइकलाबी लागतुया का?"

"माइक ह्याच्यात खुपसला की लागतुया."

"न्हाई, म्हंजी पुढल्या शुक्रवारी स्तोत्र म्या वाचणार हाय. जरा भरदार वाटलं आसतं."

"किती घालू?"

"चिमूटभर. आक्काला कळंल इतका नगं."

"पर बटणांना हात तुमचाच ना, मामा?"

"तू फकस्त दाव," शेख म्हणाला.

वहबानं चिमूटभर म्हणजे किती ते बोटानं दाखवलं आणि डबा उचलून टुकटुक रिक्षात ठेवला. दुकानापाशी पोचला, तर दोघेजण दाढी वाढवून बसले होते. त्यानं डबा कोपऱ्यात सरकवला, पाणी गरम करायला ठेवलं आणि पहिल्याच्या तोंडाला फेस लावला.