पडवीतली धवलारीण

सावळीकाकी धवलारीण होती. म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. आमच्या गावात तेव्हा लग्नाला भटजी नसे. धवलारीण मांडवात उभी राहायची, हळदीपासून गाठ बांधेपर्यंतची गाणी, म्हणजे धवळे, एकामागून एक म्हणायची, आणि शेवटचा धवळा संपला की लगीन लागलं. एखादा धवळा राहून गेला तर लगीन अर्धं, असं सगळे मानत. काकीही मानायची. तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

माझ्या बापाचा थोरला भाऊ नवसू, त्याची ही बायको. शहापूरपासून दोन-तीन कोसांवर आमचं गाव. नवसूकाका कसाऱ्याला घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला गेला होता. आधी सणासुदीला तरी यायचा, मग तेही बंद झालं. काकीनं त्याचं सोयरसुतक ठेवलं नव्हतं. तिला तिचे धवळे पुरत होते.

गावात शब्द चालायचा दामूचा. त्याच्याकडे पाटीलकी नव्हती, काही नव्हतं. पण चार माणसं जमली की मधली जागा त्याची. धवलारीण ज्याचं ऐकेल त्याच्या मुठीत गावातली प्रत्येक उपवर पोरगी आणि तिचा बाप, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. अडतीस साली धर्मा नावाच्या शेतकऱ्यानं बांधाच्या भांडणात दामूचा निवाडा मानला नाही. झालं, दामू काकीच्या ओट्यावर हजर.

"सावळे, धर्माच्या पोरीच्या लग्नाला जाऊ नको. मंग बघ कसा येतोय पाया पडत."

"भांडण बांधाचं हाय. पोरीनं तुजं काय केलंय?" काकी म्हणाली, आणि गेली. सगळे धवळे म्हणून आली.

दामू चिडला नाही. चिडला असता तर परवडलं असतं. धवलारीण सवाष्ण लागते, हा मात्र जुना नियम होता. दामूच्या घरच्या बायका विहिरीवर हळहळायला लागल्या. नवसूचा पत्ता नाय, काय बरंवाईट झालं असंल बिचाऱ्याचं, आणि ही बाई पोरींची लग्नं लावत फिरते! थोड्याच दिवसांत गावानं काकीला जवळजवळ विधवा करून टाकलं. देवळात बैठक बसली. दामू म्हणाला, "मी काय बोलत नाय. नवसूला आणा, म्हंजे लोकांची तोंडं बंद."

काकी आसनगावपर्यंत चालत गेली आणि तिथून गाडीनं कसाऱ्याला. नवसूकाका तिथं एका खोपटात दुसऱ्या बाईबरोबर सुखानं राहत होता. काकी भांडली नाही. एक दिवस गावाला चल, एवढंच म्हणाली. तो आला. जिवंत असणं, हे एकच काम त्या माणसानं बायकोसाठी केलं, आणि तेही धड केलं नाही.

बैठकीत दामूनं त्याला शेजारी बसवलं, विडी दिली. "बरा हायेस ना रे? भाकरी कोण थापतंय तुजी?"

"हाय एक बाई," मूर्ख बोलून गेला.

दामूनं फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "म्हंजे सावळी टाकलेली. टाकलेल्या बाईनं आपल्या पोरींची लग्नं लावायची? तुमीच सांगा."

असा नियम कुणी कधी ऐकला नव्हता. तो तिथं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जन्माला आला. तरी एकानंही तोंड उघडलं नाही. ज्याच्या घरात लग्नाची पोर तो गप्प. माझा बाप गप्प. धर्माही गप्प, त्याला अजून एक धाकटी होती. मान गेला दामूच्या भावजयीकडे, लहानी तिचं नाव.

लहानी वाईट नव्हती, पण तिला धवळे कुठं येत होते? पहिल्याच मांडवात हळदीच्या पुढं तिची गाडी अडली. दामूचा निरोप आला: सावळीनं मागच्या पडवीत बसून म्हणावं, लहानी पुढं उभी राहील. मला आनंदच झाला. म्हटलं, आता काकी दार लावून घेणार आणि दामूची गावभर फजिती होणार. कसचं काय! काकी पदर खोचून निघाली. मी लहान होते, पण तोंड तिखट होतं. मी वाटच अडवली.

"नको जाऊ गो काकी. अडू दे त्यांचं."

"अडंल ती पोरगी. दामूचं काय अडतंय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दामूनं तिला नेमकं एवढंच जोखलं होतं.

पुढं प्रत्येक लग्नात तेच. पडवीत काकी गाणार, मांडवात लहानी ओठ हलवणार, मानाचं लुगडं लहानीला. वर दुपारची लहानी शिकायला यायची, आणि ही बया तिला जीव ओतून शिकवायची! मी आत भांडी आपटत बसायचे. लहानीला सगळे धवळे येऊ लागले आणि काकीला पडवीतलंही बोलावणं येईना.

त्रेचाळीस साली माझं लगीन ठरलं. काकी लावणार असेल तरच उभी राहीन, असं मी सांगितलं. दामू हसला. "नको राहू. तुजा बाप बघंल काय ते." बापानं माझ्यापुढं हात जोडले. स्वतःच्या लेकीपुढं! उभी राहिले. लहानीनं सगळे धवळे म्हटले, काकीच्याच चालीत, काकीसारखाच मधे दम घेत. मी रडत होते. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना. कसलं माहेर! संताप होता तो.

निघायच्या आधी मी पडवीत गेले. काकी उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती.

"काकी, शिकवताना एक धवळा तरी हातचा राखायचा होतास. आज सगळे तुज्या पाया पडत आले असते."

तिनं हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या.

"आन तो तुज्याच लग्नात राहिला असता तर गो?"