उद्घाटनाची आंधळी

"गॉगल काढा ना जरा. फोटोत कळत नाही."

काय कळत नाही ते मॅडमनी सांगितलं नाही. मला कळलं. मी गॉगल काढला. तेव्हा मी काढायचे.

कर्वेनगरात त्यांच्या आयटी कंपनीनं बाग बांधली होती. वास, आवाज, स्पर्श यांवर आंधळ्यांनाही फिरता येईल अशी. उद्घाटनाला एक आंधळी हवी होती. मी कॉल सेंटरमध्ये कामाला. खडकीतल्या कारखान्याच्या कामगाराची मुलगी, पण बोलणं स्वच्छ. त्यांना सोयीची.

सोबत माझी मैत्रीण सुनंदा. तिची व्हीलचेअर आत शिरेना. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून फिरतं फाटक बसवलेलं.

"तुम्ही इथूनच बघा. छान दिसतं," मॅडम तिला म्हणाल्या.

मला पायवाटेवर उभं केलं. पायाखाली, पायांना वाट कळावी म्हणून बसवलेली उंचवट्यांच्या फरशांची पट्टी. आर्किटेक्टनं माझी काठी काढून घेतली. "काठीशिवाय चालता येतं, तेच तर दाखवायचंय."

मी चालले. स्पीकरवर सनई. फाटकाबाहेरून सुनंदा "थांब गं, पुढं पाणी आहे" म्हणून ओरडत होती, हे नंतर कळलं. पट्टी सरळ कारंज्याच्या हौदात गेली. मीही गेले.

गुडघा फुटला. नाकातोंडात पाणी. वर माणसं हसत होती.

आर्किटेक्ट कुणाला तरी सांगत होता, "पट्टी तिथं वळवायची होती हो. पण दिसायला वाईट दिसत होती."

दिसायला.

मॅडमनी मला तशीच ओली स्टेजवर चढवली. "काही झालं नाही ना? दोन शब्द बोला. आभार माना फक्त."

जन्मभर मी तेच केलं होतं. शाळेत वाटलेल्या चादरींचे आभार, रस्ता ओलांडून देणाऱ्यांचे आभार, नको असताना ओलांडून दिला तरी आभार. माइक हातात आला आणि तोंडातून ते निघेना.

म्हणाले, "ही बाग माझ्यासाठी नाही. मला पडताना बघणाऱ्यांसाठी आहे. माझी काठी द्या."

माइक बंद झाला. मॅडम पुटपुटल्या, "म्हणून यांच्यासाठी काही करू नये."

त्या 'यांच्या'त माझे डोळे किती आणि माझं आडनाव किती, मी विचारलं नाही.

आता त्यांची दुसरी बाग होते आहे. परवा मॅडमचा फोन आला. "एखादी सूचना असेल तर कळवा."

"सूचना नाही. नकाशा काढताना आम्ही दोघी टेबलाशी बसणार."

"अहो, नकाशा तर झालाय."

"मग फाडा."

त्यांनी फोन ठेवला.

उद्या तिथं वाळूचा ट्रक यायचा आहे. सुनंदा रस्त्यात खुर्ची आडवी लावणार. मी तिच्या शेजारी उभी राहणार. मला हातानं वाचता येईल असा नवा नकाशा आमच्यासोबत काढायला घेईपर्यंत आम्ही हलणार नाही. ट्रक न्यायचाच असेल तर आमच्या अंगावरून न्यावा.